अडेलतट्टू

वाचनपाठ • पातळी ४

वाचण्याआधी

घरात कोणी तुम्हाला कधी "अडेलतट्टू" म्हटलं आहे का? जेवायला हाक मारली तरी खेळ सोडून उठायचं नाही, बाहेर जायची वेळ झाली तरी बूट घालायचे नाहीत, नुसतं हाताची घडी घालून उभं राहायचं. अशा मुलासाठी आजीकडे हा शब्द तयारच असतो. अडेल म्हणजे अडून बसणारा. तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा. आजचा पाठ या तट्टूबद्दल आणि त्याच्या जगभरच्या भाऊबंदांबद्दल आहे.

पाठात येणारे काही शब्द आधी बघून ठेवा. शिंगरू म्हणजे घोड्याचं पिल्लू. आयाळ म्हणजे मानेवरचे लांब केस. खूर म्हणजे घोड्याच्या पायाचं टणक टोक. त्यावर लोखंडी नाल ठोकतात. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा, तबेला. पैदास म्हणजे हवी तशी पिल्लं मिळावीत म्हणून जनावरांच्या जोड्या ठरवून वंश वाढवणं. बाकीचे शब्द वाचता वाचता कळतील. अडलात तर घरी विचारा.

घोडा कुठे संपतो आणि तट्टू कुठे सुरू होतं?

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत याचा नियम ठरलेला आहे. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण घोडा मान सारखी वरखाली करतो. मान जिथे पाठीला मिळते तिथे एक उंचवटा असतो, तिथपर्यंत मोजतात. मोजायचं माप म्हणजे 'हँड', तळहाताची रुंदी, बरोबर ४ इंच. साधारणपणे १४ हँड आणि २ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटीमीटर, ही रेघ धरतात. त्याखाली पोनी, त्यावर घोडा.

इथे एक गंमत सांगते. 'हँड' या शब्दाचं मराठीत 'हात' असं भाषांतर करू नका! आपल्याकडे 'हात' हे माप कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं, म्हणजे साधारण दीड फुटाचं. चौदा हात उंच घोडा एकवीस फुटांचा होईल. जिराफसुद्धा इतका उंच नसतो.

पण हा उंचीचा नियम सगळ्यांना मान्य नाही. आइसलँडचे घोडे बहुतेक वेळा या रेघेच्या खालीच असतात, तरी तिथले लोक त्यांना घोडाच म्हणतात. पोनी म्हटलेलं त्यांना आवडत नाही. उलट पोलो खेळताना कितीही उंच घोडा असला तरी त्याला पोनीच म्हणतात, कारण हा खेळ इंग्रजांनी मणिपूरमध्ये पाहिला आणि मणिपूरचे घोडे लहान चणीचे होते.

'जात' म्हणजे काय?

या पाठात 'घोड्याची जात' असे शब्द पुन्हा पुन्हा येतील. माणसांच्या बाबतीत 'जात' हा शब्द आला की त्याचा अर्थ वेगळा असतो आणि त्यामागचा इतिहास कडू आहे. जनावरांच्या बाबतीत अर्थ साधा आहे. आई आणि बाप एकाच जातीचे असले की शिंगरूही त्यांच्यासारखंच निघणार, असा भरवसा जिथे देता येतो ती जात. जगातले सगळे पाळीव घोडे एकाच प्रजातीचे आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्याएवढं शेटलंड आणि नांगर ओढणारा टनभर वजनाचा घोडा, दोघंही एकाच प्रजातीचे. जाती मात्र शेकडो.

प्राचीन घोड्यांच्या हाडांतला डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असं मांडलं, की आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या परिसरातल्या गवताळ मैदानांत होते. तिथून माणूस त्यांना घेऊन जगभर गेला. मग प्रत्येक ठिकाणच्या जमिनीनं, हवेनं आणि मुख्य म्हणजे माणसानं नेमून दिलेल्या कामानं घोडा बदलत गेला. ते कसं, ते बघू.

बेटावरून खाणीत

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी शेटलंड पोनी नक्की पाहिलं असेल. जत्रेत किंवा शेतावर लहान मुलांना ज्यावर बसवतात ते गुबगुबीत, झिपऱ्या आयाळीचं तट्टू. उंची जास्तीत जास्त ४२ इंच, म्हणजे आपल्या ओट्यापेक्षा जेमतेम वीतभर जास्त. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, वारा मात्र बारा महिने असतो, आणि गवत तुटपुंजं. अशा ठिकाणी मोठ्या शरीराचा घोडा उपाशी मरेल. लहान, जाडजूड, थंडीत दाट केस वाढवणारा घोडा तगेल. तसेच तगले. बेटावरचे लोक त्यांच्या पाठीवर जळणासाठी कापलेली माती वाहून आणत. (हो, माती! तिथल्या दलदलीतली माती वाळवली की जळते.)

मग १८४२ साली ब्रिटनमध्ये एक कायदा झाला. तोपर्यंत कोळशाच्या खाणींत पाच-सात वर्षांची मुलंसुद्धा काम करत, अरुंद बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढत. नव्या कायद्यानं स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरायला बंदी झाली. चांगलंच झालं. पण गाड्या कोणी ओढायच्या? जिथे मोठा घोडा मावत नाही तिथे शेटलंड मावायचं.

हजारो तट्टं बोटीनं खाणींकडे गेली. लॉर्ड लंडनडेरी नावाच्या एका खाणमालकानं तर १८७० च्या सुमारास शेटलंडमधल्याच एका बेटावर खास खाणीसाठी पैदास सुरू केली. त्याला हवं होतं भरपूर वजन आणि जमिनीलगतची उंची. आज दिसणाऱ्या शेटलंड पोनीच्या अंगकाठीत त्या पैदाशीचा मोठा वाटा आहे. त्यातली बरीच तट्टं जमिनीखालच्या पागेतच राहायची आणि सूर्य क्वचितच बघायची. ब्रिटनच्या खाणींतली शेवटची तट्टं विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, १९९० च्या दशकात वर आली. पुढच्या वेळी त्या गुबगुबीत तट्टावर बसलात तर हे आठवेल.

चिकणमातीतला घोडा

इंग्लंडच्या पूर्वेला सफक नावाचा परगणा आहे. तिथली जमीन जड चिकणमातीची. पावसाळ्यात गावाकडच्या काळ्या मातीतून तुम्ही कधी चाललात का? दोन पावलांत चपलेला किलोभर चिखल चिकटतो. घोड्याचंही तसंच होतं. शायर किंवा क्लाइड्सडेल या वजनदार घोड्यांच्या पायांवर लांब केसांचे झुबके असतात. दिसायला छान, पण चिकणमातीत ते म्हणजे चिखलाची पोती. म्हणून सफकच्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून असा घोडा तयार केला ज्याच्या पायावर केसच नाहीत. तोच सफक पंच. नऊशे किलोपर्यंत वजन, रुंद छाती, आखूड पाय आणि रंग नेहमी तांबूस, दुसरा नाहीच. आज जिवंत असलेल्या प्रत्येक सफक पंचची बापाकडची वंशावळ १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले. इतक्या खाणाऱ्या जनावराला नुसतं उभं ठेवणं कोणत्याच शेतकऱ्याला परवडेना. १९६६ या पूर्ण वर्षात सफक पंचची फक्त ९ शिंगरं नोंदली गेली. नऊ! तुमच्या वर्गात याहून जास्त मुलं असतील. काही हौशी लोकांनी हट्टानं पैदास चालू ठेवली म्हणून ही जात उरली, पण आजही ती ब्रिटनमधल्या दुर्मीळ जातींत मोडते. गुणांत ती कुठेच कमी पडली नव्हती, फक्त तिचं काम दुसऱ्या कोणीतरी घेतलं होतं.

जो गेला, तो गेला

आइसलँडमध्ये साधारण अकराशे वर्षांपूर्वी लोक बोटींतून राहायला आले आणि येताना घोडे घेऊन आले. त्यानंतर तिथे बाहेरून घोडा आणायला बंदी झाली, ती आजतागायत आहे. एवढंच नाही, आइसलँडचा स्वतःचा घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्यालाही परत येता येत नाही. परदेशात जागतिक स्पर्धा असली की आइसलँडचे स्वार आपले उत्तम घोडे घेऊन जातात, जिंकतात, आणि घोड्याला तिथेच ठेवून एकटे परततात. कारण रोगाचं आहे. इतकी वर्षं एकटे राहिल्यामुळे त्या बेटावरच्या घोड्यांना बाहेरच्या अनेक रोगांची ओळखच नाही. एक आजारी घोडा आला तर सगळ्यांच्या जिवावर बेतेल.

या घोड्यांची चाल ऐकण्यासारखी असते. बहुतेक घोड्यांना तीन-चार चाली येतात. साधं चालणं, मग दुडकी, मग त्याहून वेगात, आणि शेवटी भरधाव. दुडक्या चालीत स्वार खोगिरावर सारखा उडतो. पाठीचे हाल होतात. आइसलँडच्या घोड्याला याशिवाय 'टोल्ट' नावाची चाल येते. तिच्यात एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पाठ जवळजवळ हलत नाही. लोक हातात भरलेला पेला धरून हे दाखवतात आणि पेला सांडत नाही. २०१२ साली शास्त्रज्ञांना घोड्याच्या चालींशी जोडलेला एक जनुकातला बदल सापडला. राजस्थानातल्या मारवाडी घोड्यालाही अशीच एक मऊ चाल येते, तिला तिकडे रेवाल म्हणतात. (मारवाडी घोडा ओळखायला सोपा आहे. त्याचे कान आतल्या बाजूला वळतात आणि टोकं एकमेकांना टेकतात.)

वाळवंटातला पाहुणा

दुबई, मस्कत, दोहा इथे राहणाऱ्यांना अरबी घोडा वेगळा सांगायला नको. आत वळलेली नाकाची रेघ, मोठे डोळे, रुंद नाकपुड्या, पळताना झेंड्यासारखी वर उचललेली शेपटी. अरबस्तानातले बदाऊनी लोक उंट आणि घोडे दोन्ही पाळत. दूरच्या वाटेला उंट, आणि अचानक हल्ला करायला किंवा निसटायला घोडा. कमी खाऊनपिऊन लांब पळणारा घोडाच तिथे उपयोगी. बदाऊनी लोक घोड्याची वंशावळ आईकडून मोजत. चांगली घोडी सहसा विकत नसत.

पण घोडे मात्र जगभर गेले. १७०४ साली सीरियातल्या अलेप्पो शहरातून डार्ली अरेबियन नावाचा एक घोडा इंग्लंडला पोचला. तो, त्याच्या थोडा आधी आलेला बायरली टर्क आणि नंतरचा गोडॉल्फिन अरेबियन, हे तिघं आणि इंग्लंडमधल्या वेगवान घोड्या यांच्यापासून शर्यतीचा थरोब्रेड घोडा तयार झाला. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची वंशावळ या तिघांपैकी एकापाशी पोचते. मॉरिशसच्या वाचकांनी पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर हेच घोडे पळताना पाहिले असतील. तिथे १८१२ पासून शर्यती होत आहेत.

तोच अरबी घोडा दुसऱ्या वाटेनंही गेला. समुद्रमार्गे, आपल्या किनाऱ्याकडे. दख्खनच्या आणि दक्षिणेच्या राजांना लढाईसाठी घोडे हवे असत, आणि ते अरबस्तान आणि इराणकडून गलबतांतून येत. तेराव्या शतकात आलेल्या मार्को पोलोनं लिहून ठेवलं आहे की दक्षिणेतले राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेतात आणि नीट निगा न राखल्यामुळे त्यातले बरेच मरतात. मग पुन्हा नवे घ्यायचे! १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, त्यानंतर घोड्यांवरची जकात हे त्यांचं मोठं उत्पन्न होतं.

भीमेच्या काठावर

आता आपल्या तट्टूकडे येऊ. 'थडी' म्हणजे नदीचा काठ. भीमा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या भागांतून पूर्वेकडे जाते. तिच्या काठचा मुलूख म्हणजे भीमथडी. इथल्या काटक देशी घोड्या आणि बाहेरून आलेले अरबी, तुर्की घोडे यांच्या संकरातून सतराव्या-अठराव्या शतकांत भीमथडी तट्टू घडलं. उंची साधारण चार-साडेचार फूट. म्हणजे लंडनच्या नियमानं हे पोनीच.

बघा, एकाच अरबी घोड्याचे दोन वंशज. इंग्लंडमध्ये हिरवं गवत, ओट्सचा खुराक आणि सपाट मैदानं मिळाली, तिथे उंच, चपळ, नाजूक पायांचा थरोब्रेड झाला. दख्खनमध्ये खडक, डोंगर, उन्हाळ्यात करपलेलं गवत आणि न संपणारी वाटचाल मिळाली. तिथे लहान, टणक खुरांचं, मिळेल ते खाऊन चालत राहणारं तट्टू झालं. त्यांची शर्यत लावली तर तट्टू मैलभरात हरेल. पण आठ दिवस डोंगरातून चालायचं असेल तर मी तट्टूवर पैसे लावेन.

मराठ्यांच्या घोडदळाची मदार अशाच घोड्यांवर होती. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळायचा तो बारगीर. जो स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार. तुमच्या ओळखीत शिलेदार किंवा पागनीस आडनावाचं कोणी आहे का? ती आडनावं इथूनच आली. पागनीस म्हणजे पागेचा हिशोब लिहिणारा. १७५८ साली मराठ्यांची फौज सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत पोचली. पुण्याहून अटक सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे १,७०० किलोमीटर आहे. 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार त्यावरून आला. झेंडे लावणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत. त्यांना तिथवर नेणाऱ्या घोड्यांची नाहीत. तरी महाराष्ट्र दिनाला तुमच्या मंडळात जे राज्यगीत म्हणतात, 'जय जय महाराष्ट्र माझा', त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

१८१८ साली पेशवाई संपली. घोडदळं मोडली, पागा रिकाम्या झाल्या. सफक पंचवर जी वेळ ट्रॅक्टरमुळे आली, ती भीमथडीवर त्याच्या सव्वाशे वर्षं आधी आली. मग हे तट्टू टिकलं कसं?

ते टिकवलं मेंढपाळ धनगरांनी. त्यांनी कोणाला दाखवण्यासाठी ते पाळलं नाही, त्यांना त्याची गरज होती म्हणून पाळलं. पावसाळा संपला की मेंढ्यांचे कळप घेऊन धनगरांची कुटुंबं गवताच्या शोधात निघतात, काही कोकणापर्यंत उतरतात, आणि पुढच्या पावसाच्या आधी परत येतात. सगळं घर तट्टाच्या पाठीवर असतं. भांडी, घोंगड्या, पाल, धान्य. वर बांधलेल्या कोंबड्या. चालता न येणारी कोकरं, आणि कधी एखादं लहान मूल. वाटेत जिथे मुक्काम पडतो तो त्यांचा 'वाडा'. आपण वाडा म्हटलं की दगडी चौक डोळ्यांसमोर येतो. त्यांचा वाडा रोज सकाळी तट्टावर चढतो.

अनेक वर्षं भारतात घोड्यांच्या सात जातींची अधिकृत नोंद होती. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी आणि भुतिया. भीमथडी त्यात नव्हतं. ते मिसळून संपलं, असं कित्येकांनी धरलं होतं. अलीकडेच हरियाणातल्या कर्नाल इथल्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडीची आठवी जात म्हणून नोंद केली. नोंद झाली म्हणून जात वाचली असं होत नाही. मणिपुरी तट्टाचं नाव यादीत पहिल्यापासून आहे, पण इंफाळच्या आसपासची चरायची पाणथळ कुरणं शहरानं गिळली आणि पोलोच्या मूळ गावीच पोलोची तट्टं कमी झाली. भीमथडीचंही तसंच आहे. धनगरांच्या वाटांवर कुंपणं आणि रस्ते आले, त्यांची मुलं शाळेत आणि नोकऱ्यांत गेली (जायलाच हवीत), तर तट्टानं कोणतं काम करायचं? काही लोक त्यांना लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी आणि लहान मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी वापरून बघत आहेत.

मी स्वतः तट्टावर एकदाच बसले आहे, माथेरानला. तिथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे पाहुण्यांपासून सिलिंडरपर्यंत बरंच काही घोड्यांवरून जातं. माझं तट्टू एका वळणावर थांबलं ते हलेचना. मी टाचा मारल्या, चुचकारलं, रागावले. घोडेवाले काका मागून येत म्हणाले, "ताई, ते अडून नाही बसलं. पुढे दगड सुटलाय, त्याला दिसलाय, तुम्हाला नाही."

सराव

१. पाठात दोन जाती अशा आहेत ज्यांचं काम अचानक गेलं. त्या कोणत्या? काम कशामुळे गेलं ते तीन-चार वाक्यांत लिहा.

२. सफक पंचच्या पायावर केस नसण्याचा आणि तिथल्या मातीचा काय संबंध आहे? तुमच्या शब्दांत सांगा.

३. घरी विचारा आणि प्रत्येकाचं एक वाक्य करा : घोडं कुठे पेंड खातंय, वरातीमागून घोडं, कागदी घोडे नाचवणे, खोगीरभरती, भाड्याचं तट्टू.

४. 'तट्टू' हा शब्द पाठात वेगवेगळ्या रूपांत आला आहे : तट्टाच्या, तट्टावर, तट्टांचा, तट्टं. ही रूपं असलेली वाक्यं शोधा आणि मोठ्यानं वाचा. बोलताना 'तट्टूवर' असंही चालतं. पाठात मीसुद्धा एकदा तसं लिहिलं आहे. ते वाक्य सापडतंय का बघा.

५. १८४२ च्या कायद्यामुळे मुलं खाणीतून बाहेर आली आणि तट्टं आत गेली. हे बरोबर झालं का? दोन्ही बाजूंनी विचार करा आणि वर्गात बोला.

६. तुम्ही राहता त्या देशातल्या घोड्याची एक जात निवडा. तिला कोणत्या जमिनीनं आणि कोणत्या कामानं घडवलं ते शोधा, आणि भारतातल्या आजी-आजोबांना दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवून मराठीत सांगा. त्यांनी कोणता घोडा जवळून पाहिला आहे, तेही विचारा.